चौथी वाटी

१

त्या कपाटाचा रंग कोणता होता, हे आज मला ठामपणे सांगता येत नाही. माझी मुलगी हेमा म्हणते, काळा. मला तो तांबूस आठवतो, चिंचोक्याच्या सालीसारखा. सुमती असती तर म्हणाली असती, "रंगाचं काय घेऊन बसलात?" सुमती म्हणजे माझी पत्नी. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आधी निरीक्षण आणि मग मत असं मुलांना बजावत आलो, आणि आता स्वतःच्या घरातल्या वस्तूचा रंग मला आठवत नाही. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

पण वाट्यांचं मला पक्कं आठवतं. सकाळचा चहा झाला की मी झारी घेऊन त्या भरायचो. कपाटात दूध, लोणी, गूळ असायचा. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची स्टीलची वाटी. ही पद्धत सुमतीच्या माहेरची. मी म्हटलं होतं, "लाकूड कुजेल." ती म्हणाली, "आईच्या कपाटाचे पाय कुजले नाहीत. तुमच्या पुस्तकातले कुजत असतील."

कपाटाचे पाय मात्र तिच्या आईच्या कपाटासारखे साधे नव्हते. ते वाघाच्या पंज्यासारखे कोरलेले होते आणि प्रत्येक पंज्यात एक गोळा होता. नखं गोळ्यात रुतलेली. कोरणाऱ्यानं बोटांची पेरं, त्यांच्यावर ताणलेल्या शिरा, काही सोडलं नव्हतं. पुढचे दोन पंजे समोरच दिसत. मागच्या दोघांतला एक खिडकीकडे होता, त्याच्यावर उजेड पडे. दुसरा भिंतींच्या कोपऱ्यात गेलेला. तिथे हात पोचायचा, नजर पोचत नसे. त्याची वाटी मी झारीची लांब चोच आत सारून अंदाजानं भरायचो. वाटी भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होतो, त्यावरून थांबायचो.

२

निवृत्त झालो त्या साली, म्हणजे १९८६मध्ये, आम्ही ठाण्याच्या वर्तकनगरातून डोंबिवलीला एमआयडीसीच्या निवासी भागात तळमजल्यावर राहायला आलो. कपाट आलं ते ठाण्याहूनच. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या चंद्रभागाबाई आमच्या कायमच्या मासळीवाल्या. आमच्याकडे मासे नुसते चालत नाहीत, लागतात, त्यामुळे त्यांचं आमच्या घरी येणं नातेवाइकांपेक्षा जास्त होतं. त्यांच्या सासऱ्यांना खाडीकाठच्या कुठल्याशा बंगल्यातून ते कपाट मिळालेलं. आता जुनं घर पाडून स्लॅबचं होणार होतं.

"मास्तर, तुमीच न्या," त्या म्हणाल्या. "सुमतीबायचा जीव हाय त्याच्याव."

त्यांचा मुलगा नाथा टेम्पोतून कपाट घेऊन आला. त्यानं आणि ड्रायव्हरनं ते उचलून जेवणाच्या खोलीत आणलं आणि कोपऱ्यात सरकवलं. मग नाथा बाहेर गेला आणि टेम्पोतून एक वीट घेऊन आला.

"आयेनं धाडलीय. खाली लावायला."

"नको रे. आमची फरशी लेव्हलमध्ये आहे. हे बघ." मी कपाटाला दोन्ही हातांनी धक्का देऊन दाखवला. ते जरासुद्धा डुललं नाही.

नाथा वीट हातात धरून उभा राहिला. त्यानं कपाटाकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"बरं उभं राह्यलंय," तो म्हणाला.

सुमतीनं चहा टाकला होता. तो न घेताच नाथा निघाला, विटेसकट. सुमती म्हणाली, "लाजाळू आहे बिचारा." मलाही तसंच वाटलं.

वाट्या घालताना मी कपाट एकेका बाजूनं तिरपं करत होतो आणि सुमती वाटी आत सारत होती. कोपऱ्यातल्या पायाशी माझा जोर पुरेना. मी दम घ्यायला थांबलो, तर ती कपडे वाळत घालायच्या काठीनं वाटी ढकलत म्हणाली, "गेली की! तुम्ही उचललंत ना?"

"नाही अजून."

"मग शहाणं आहे हो कपाट," ती हसली. "खूर उचलून देणाऱ्या बैलासारखं. पाय उचलून दिला त्यानं."

मीही हसलो.

३

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की तीन वाट्यांतलं पाणी सकाळी थोडंसं उतरलेलं असतं आणि कोपऱ्यातली वाटी कोरडी असते.

वाटीला भोक असेल, म्हणून मी ती पुढच्या पायाखाली घातली आणि पुढची कोपऱ्यात. पुढे गेलेली वाटी भरलेली राहिली. कोपऱ्यात गेलेली कोरडी. भिंत पाणी ओढत असेल, म्हणून भिंतीला हात लावून पाहिलं. ती सुकी होती. उंदीर पीत असेल, म्हणून पिंजरा लावला. त्यात काही सापडलं नाही, आणि पिंजऱ्यातल्या भज्याला मुंग्या मात्र लागल्या.

"उंदीरच आहे म्हणा आणि सोडा," सुमती म्हणाली. "तुम्हाला झोप नाही ती नाहीच, आता वाट्यांवरून माझीही घालवाल."

तिचं खरं होतं. मला पहिल्यापासून काळजीची सवय. दाराची कडी लावली की नाही, हे मी पुन्हा उठून बघणारा माणूस. त्यामुळे दुपारी कपाटातल्या कपबशा किणकिणू लागल्या तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही. आवाज अगदी हलका असायचा. कपाटाचा तोल किंचित गेला आणि पुन्हा सावरला की येईल तसा. मागच्या रस्त्यानं कारखान्यांचे टँकर जात, त्यांचा हादरा असणार, असं मी ठरवलं.

पण आमच्या भागात शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी टँकर नाहीत, हवेतला तो आंबूस वास नाही, आणि दुपारभर वीजही नाही. पंखा बंद पडला की घरात कानात दडा बसल्यासारखी शांतता होई. मी शुक्रवारी मुद्दाम जेवणाच्या खोलीत बसून राहिलो.

कपबशा किणकिणल्या. थोड्या वेळानं पुन्हा किणकिणल्या आणि थांबल्या. जसं कुणी जाऊन परत आलं.

४

१९८८च्या दिवाळीनंतर सुमतीला अर्धांगाचा झटका आला. हात लवकर सुधारला, वाचा गेलीच नव्हती. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली मेला होता. डॉक्टर टाचणी टोचत आणि ती छताकडे बघत विचारी, "टोचलीत का?" त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "त्यांना उभं करा. तो पाय वापरला तर परत येईल. नाही वापरला तर आता जाईल तो कायमचा."

तिचा पलंग मी आतल्या खोलीत दारासमोर लावला, म्हणजे तिला जेवणाची खोली दिसत राहील. कपाटही दिसे.

हेमा तेव्हा ठाण्यात वर्तकनगरलाच राहत होती. ती येऊन भांडली. "बाबा, आईला मी घेऊन जाते. तुम्ही बसा इथे वाट्या मोजत."

सुमती आतून ओरडली, "हेमा, मी या घरात माझ्या पायांनी आले. जाईन तीही पायांनीच. तुला रिक्षात घालून न्यायला मी काय गॅसचा सिलिंडर आहे?"

त्याच आठवड्यात आमच्याकडे काम करणारी कांता फरशी पुसताना म्हणाली, "काका, पाणी कोण सांडतं ओ रोज?"

"कुठे?"

"हे काय. कपाटापासून असं."

मी पाहिलं. फरशीवर ओला डाग होता. गोल, लाडवाएवढा, आणि त्याच्या कडेनं बोटं टेकावीत तसे लहान ठिपके. एक कपाटाजवळ, एक पुढे. कांतानं ते पुसून टाकले. "झारी गळते तुमची," ती म्हणाली. मी झारी तपासली. ती गळत नव्हती. तरी मी नवी आणली, कारण नव्या झारीनं गोष्ट मिटणार असेल तर मला हवीच होती.

डाग येत राहिले. त्यातला शेवटचा दर वेळी आधीच्यापेक्षा थोडा पुढे असे. एक दिवस तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याला लागून होता.

त्याच दुपारी मी पलंगाशेजारी पेपर वाचत होतो. सुमती डोळे मिटून पडली होती. तिनं विचारलं, "माझ्या उजव्या पायाची बोटं आत्ता तुम्ही धरलीत?"

"नाही. मी वाचतोय."

"कुणीतरी धरली होती." ती जराही घाबरलेली नव्हती. वाण्यानं वजनात मारल्यावर येतो तसला राग तिच्या आवाजात होता. "चपलेच्या दुकानात माप घेतात ना, तशी."

५

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यातल्या पायाला हात लावला.

दोन वर्षांत एकदाही लावला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पुढच्या पंज्यांना मी जवसाचं तेल चोळायचो, खिडकीकडच्यालाही. कोपऱ्यातल्याला कधीच नाही. मी पालथा पडलो आणि गाल फरशीला टेकवून हात आत घातला. आधी वाटीची गार कड लागली. मग नखं. मग बोटांची पेरं. कोरीवकाम हुबेहूब तेच होतं.

लाकूड गार लागतं, निदान खोलीइतकं तरी असतं. हे गार नव्हतं. आणि बाकीच्या तिन्ही पंज्यांच्या मुठीत जो गोळा होता, तो इथे माझ्या बोटांना लागेना. पंजा नुसताच मिटलेला होता.

माझ्या बोटांची चूक असू शकते. हात अवघडला होता, आणि भीतीनं स्पर्शाला काय होतं हे मी जाणतो. मी हात काढून घेतला आणि उठून पुन्हा पुन्हा साबणानं धुतला.

सुमतीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती.

"उद्या माणसं बोलावतो," मी म्हणालो. "कपाट बाहेर काढून टाकू."

"आणि तो कपाटाबरोबरच जाईल, याची खात्री आहे तुम्हाला?"

मला नव्हती.

"कपाट माझं आहे," ती म्हणाली. "बशा माझ्या आहेत. घाबरून मी घरातली एक वाटी हलवणार नाही. एकच करा, उद्यापासून त्या कोपऱ्यात पाणी घालू नका."

"मुंग्या येतील."

"येऊ देत. मुंग्यांना मी ओळखते." मग ती आपल्या पांघरलेल्या पायाकडे बघत म्हणाली, "अहो, तुम्हीच रोज पाजत होतात त्याला. तुमचा काय दोष, मीच वाटी सारली होती. पण आता नाही. त्याला माझा पाय हवाय, हे मला माप घेतलं तेव्हाच कळलं. बघते कसा नेतो."

सकाळी मी तीनच वाट्या भरल्या.

६

तो शुक्रवार होता. जेवणं झाली, वीज गेली, पंखा थांबला. मी खुर्ची घेऊन दोन्ही खोल्यांमधल्या दारात बसलो आणि पाय लांब करून उंबऱ्यावर आडवे टाकले. मी शूर माणूस नाही. हे सगळं निरर्थक आहे, असंही मला वाटत होतं. पण बाहेरून आत यायचं तर माझ्या पायांवरून यावं लागणार होतं. तेवढं मला करता येत होतं.

कपबशा किणकिणल्या.

या वेळी आवाज थांबला नाही. कपाट कोपऱ्याकडे कलत होतं. अगदी थोडं, पण कलत होतं. वरच्या कप्प्यातली बरणी सरकून काचेला लागली. ते तसंच तिरपं राहिलं. पडलं नाही.

मग फरशीवर टक्. काठी टेकावी तसा आवाज. आज ओला डाग नव्हता, वाटी कोरडी होती. त्यामुळे कुठे बघायचं ते मला कळेना. टक्. मधे बराच वेळ. टक्. ते एका पायावर येत होतं. आवाज माझ्या खुर्चीपाशी आला आणि थांबला. माझ्या नडगीला ऊब लागली.

"इथून नाही," मी म्हणालो. स्वतःचा आवाज मला शाळकरी पोरासारखा वाटला. पण मी पाय काढले नाहीत. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

त्यानंतर टक् हा आवाज माझ्या मागे झाला.

मी वळलो. सुमतीच्या पायांवरची चादर तळव्यांकडून वर उचलली गेली होती, आत हात घातल्यासारखी. ती कोपरांवर रेटा देऊन उठून बसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"सोड," ती म्हणाली. "मेल्या, सोड! हा पाय माझा आहे. या पायानं मी ठाण्याचं स्टेशन पालथं घातलंय, पोर कडेवर घेऊन. तुझ्या बापानं कोरलाय का हा?"

"सुमती, पडशील—"

"तुम्ही गप्प बसा हो!"

तिनं डावा पाय खाली टाकला. मग दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून तो पाय खाली घेतला, पलंगाची कड धरली आणि उभी राहिली. उजव्या पायावर भार टाकला. तिच्या तोंडून कळ आल्याचा आवाज निघाला. महिन्याभरात त्या पायात पहिल्यांदा आलेली कळ. तिनं तो पाय उचलला आणि जोरानं फरशीवर आपटला. पुन्हा आपटला.

मी तिला धरायला वाकलो होतो. म्हणून मला तिचे पाय दिसले. लोंबणाऱ्या चादरीच्या काठाखाली तिची दोन पावलं, आणि त्यांच्या मागे, पलंगाखालच्या सावलीत, तिसरं. त्याची बोटं रिकाम्या मुठीसारखी आत वळलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती उलगडली, आणि मागे सरकली.

जेवणाच्या खोलीत कपाट कोपऱ्यावर आदळलं. बशा फुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी तिला बसवून बाहेर गेलो. कपाट मागच्या कोपऱ्यावर टेकून तिरकं झालं होतं. त्याखाली चौथी वाटी चेपली होती. पाय नव्हता. मोडलेला तुकडा, ढलपी, भुसा, काही नाही. कांता आल्यावर तिनं पलंगाखाली, भांड्यांमागे, सगळीकडे झाडू फिरवला.

"गेला कुठे मग पाय?" ती म्हणाली.

आतून सुमती म्हणाली, "माझा इथे आहे. त्याचं त्याला विचार."

७

आम्ही त्या कोपऱ्याखाली वीट लावली. कपाट घरात राहिलं, सुमतीनं हलवू दिलं नाही. मुंग्या विटेवरून चढायच्या, ती त्यांना हळदीनं अडवायची. तिचा पाय हळूहळू परत आला. थोडी लंगडायची, आणि कुणी हात द्यायला गेलं तर काठीनं त्याचा हात बाजूला सारायची.

घडलं त्याचा अर्थ मी अनेक तऱ्हांनी लावून पाहिला. कोपऱ्यातला पाय आतून किडला असेल आणि त्या दुपारी मोडून त्याचा चुरा झाला असेल. चुरा कांताच्या नजरेतून सुटला असेल. पलंगाखाली मी पाहिलं ते उशीचं टोक असेल. बाकी माझा स्वभाव. हे मला बरंचसं पटलं होतं. मोडायला तिथे आधी एक पाय होता, यावर ते सगळं उभं होतं, आणि त्याबद्दल मला शंका नव्हती.

१९९५मध्ये डोंबिवली सोडून आम्ही ठाण्याला हेमाजवळ राहायला गेलो. कपाट तोवर वाळवीनं खाल्लं होतं, ते मागेच राहिलं. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला चंद्रभागाबाईंनी बोलावलं, म्हणून सुमती आणि मी कोळीवाड्यात गेलो. चंद्रभागाबाई खूप थकल्या होत्या. त्यांची सून शेवंती आम्हाला खुर्च्या देत होती. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तिनं पायानं एक लाकडाचा ठोकळा दाराखाली सारला.

वाघाचा पंजा. पंज्यात गोळा.

मी वाकून तो उचलला. हातात जड लागला. गार होता. वरच्या बाजूला जुना तुटल्याचा खडबडीत भाग होता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

"हा कुठला?" मी विचारलं.

"त्याच कपाटाचा की, मास्तर," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "कोपऱ्यातला. माज्या सासऱ्यानं मोरला. नाथा पोटान होता तवा. तवापासून दाराला लावतूं." त्या सुमतीकडे वळल्या. "तीन पायाव तं दिलं तुमाला. म्हनून तं वीट धाडलेली. लावलीव ना?"

"लावली," सुमती म्हणाली. "थोडी उशिरा."

तिनं माझ्या हातातून तो ठोकळा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवून उजव्या पायानं दाराखाली परत सारला, घट्ट बसेपर्यंत.

परतताना दारातच नाथा भेटला. मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, तो पाय त्याच्या जन्माआधीपासून त्यांच्याच घरात आहे. आमच्याकडे त्यानं उतरवलेल्या कपाटाला तीनच पाय होते.